दुखण्याला पुरावा कोणाचा?

रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, सांधे सुजलेले नसतात. तरीही माणूस सांगत असतो, की मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळे अंग ठणकते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेले असते आणि साधा घरखर्चाचा हिशेब करताना डोके चालत नाही. फायब्रोमायल्जिया या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे हे ढोबळ चित्र आहे. हा विकार आधी कुणाला ठाऊक नव्हता, विज्ञान पुढे गेले आणि तो सापडला, अशी त्याची गोष्ट सर्रास सांगितली जाते. वैद्यकाच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात. तक्रारी दोनशे वर्षांपासून बऱ्याच अंशी त्याच आहेत. बदलत गेला तो डॉक्टरांना मान्य असलेला पुरावा. कधी बोटांना लागणारी गाठ हा पुरावा होता, कधी सूक्ष्मदर्शकाखालचा पेशींचा तुकडा, कधी अंगावरचे अठरा बिंदू. यांतला प्रत्येक पुरावा अपुरा ठरला. ओळख पक्की होत गेली ती रुग्णाचे सांगणे शिस्तीने ऐकण्याची आणि ताडून पाहण्याची पद्धत तयार झाल्यावर. हे या लेखाचे म्हणणे आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप गंभीर असल्यामुळे त्यांनाही उत्तर द्यायला हवे.

युरोपात अठराव्या शतकापासून स्नायूंच्या दुखण्याला सांध्यांच्या दुखण्यापासून वेगळे काढण्याचे प्रयत्न दिसतात, पण तेव्हा सगळ्याला एकच ‘ऱ्हुमॅटिझम’ हे नाव पुरत असे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर हाताने शोधू लागले. एडिंबरोच्या विल्यम बाल्फोर यांनी १८१५ च्या सुमारास अशा रुग्णांच्या स्नायूंत दुखऱ्या गाठी लागतात असे लिहिले. पॅरिसच्या फ्रान्स्वा व्हालेक्स यांनी १८४१ मध्ये, दाबले की कळ उठते अशा ठरावीक जागांची वर्णने केली. दोनच वर्षांनी जर्मनीत रॉबर्ट फ्रोरिप यांनी स्नायूंत घट्टे पडतात आणि तेच दुखण्याचे मूळ असते असा सिद्धांत मांडला. तीन देशांतले हे तिघे डॉक्टर एकाच गोष्टीच्या मागे होते: रुग्ण जे सांगतो ते आपल्या बोटांना जाणवले पाहिजे. त्यांच्या काळात दुसरे साधन नव्हते, त्यामुळे यात दोष काढता येणार नाही. पण या विकाराच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या अडचणीचे बीज इथेच पडले. गाठ लागली तर दुखणे खरे आणि न लागली तर संशयास्पद, असा हिशेब नकळत रुजला.

१९०४ साली लंडनचे प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर एक व्याख्यान दिले आणि त्यात ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द घडवला. स्नायूंतल्या तंतुमय ऊतींना सूज येते आणि त्यामुळे दुखते, असा त्यांचा तर्क होता. योगायोग असा, की त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या स्नायूंतून काढलेल्या गाठींचे तुकडे तपासून त्यांत सुजेची लक्षणे दिसल्याचे जाहीर केले. तर्काला सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळाला आणि नाव पक्के झाले. पुढे इतरांनी तसे तुकडे तपासायला घेतले तेव्हा अशी सूज सातत्याने सापडेना. म्हणजे नावातच जी सूज गृहीत धरली होती, ती बहुतेक रुग्णांत नव्हतीच. तरी हे नाव सत्तर वर्षे टिकले, आणि त्याचा परिणाम वाईट झाला. मानदुखी, पाठदुखी, खांदा आखडणे, सगळेच या पिशवीत पडत गेले. रुग्णाचे नेमके काय दुखते, झोप कशी आहे, थकवा किती आहे, हे स्वतंत्रपणे विचारायची गरज उरली नाही, कारण उत्तर नावातच दिलेले होते.

सूज सापडत नाही म्हटल्यावर दुसरे टोक गाठले गेले. त्याची पूर्वतयारी आधीच झाली होती. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ‘न्यूरास्थेनिया’ ही कल्पना मांडली होती. थकवा, अंगदुखी, निद्रानाश हे सगळे चेतासंस्थेची शक्ती आटल्यामुळे होते, असे तिचे सार होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये अशा दुखण्याचे प्रमाण मोठे दिसले. जखम नाही, सांधे ठीक, आणि माणूस मात्र उभा राहू शकत नाही. १९४७ मध्ये एडवर्ड बोलंड या अमेरिकी डॉक्टरांनी लष्करी रुग्णालयातल्या अनुभवावरून याला मनोजन्य संधिवात ठरवले. सैन्याच्या दृष्टीने हे निदान सोयीचे होते, कारण कोणाला परत आघाडीवर पाठवायचे हा प्रश्न तिथे रोजचा होता. पण त्यामागचे तर्कशास्त्र लंगडे होते. शरीरात काही सापडले नाही, म्हणून ते मनात आहे, हा निष्कर्ष काढण्यासाठी आपल्याकडची साधने परिपूर्ण आहेत असे आधी मानावे लागते. १९४७ सालच्या साधनांबद्दल तसे आज कोणीही म्हणणार नाही.

खरे तर तोवर एका प्रयोगाने या दोन्ही टोकांना धक्का दिलेला होता. लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून दुखणे कुठे जाणवते याचे नकाशे काढले. टोचले एका ठिकाणी आणि दुखले बरेच लांब, असे पुन्हा पुन्हा आढळले. दुखणाऱ्या जागी बिघाड सापडेलच असे नाही, हे यातून प्रयोगाने सिद्ध झाले. बोटाखाली गाठ शोधणाऱ्यांचा आणि गाठ नाही म्हणून मनाकडे बोट दाखवणाऱ्यांचा पाया एकच होता, तो इथे हलला. या प्रयोगाचा पुरता अर्थ लागायला मात्र आणखी चाळीस वर्षे गेली.

वळण आले ते टोरोंटोत. तिथले संधिवाततज्ज्ञ ह्यू स्माइथ आणि मनोविकारतज्ज्ञ हार्वी मोल्डॉफ्स्की यांनी सत्तरच्या दशकात रुग्णांच्या झोपेकडे लक्ष वळवले. रुग्ण तर पूर्वीपासून सांगतच होते, की झोप होते पण विश्रांती मिळत नाही. १९७५ च्या अभ्यासात झोपेतल्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी नोंदवल्या, तेव्हा गाढ झोपेच्या संथ लहरींत जागेपणाच्या लहरी मिसळलेल्या दिसल्या. मग त्यांनी निरोगी तरुण घेतले आणि आवाज करून त्यांची गाढ झोप काही रात्री मोडत राहिले. त्या तरुणांनाही अंगदुखी, थकवा आणि दाबल्यावर दुखणाऱ्या जागा जाणवू लागल्या. नीट झोप मिळाल्यावर त्या ओसरल्या. पुढे या लहरी सगळ्याच रुग्णांत आढळत नाहीत आणि दुसऱ्या विकारांतही आढळतात हे दिसून आले, त्यामुळे निदानाची चाचणी म्हणून त्या उपयोगी पडल्या नाहीत. तरी या कामाचे मोल मोठे आहे. रुग्णाची जी तक्रार आजवर किरकोळ म्हणून बाजूला पडत होती, तीच तपासाचा विषय झाली.

१९७६ मध्ये फिलिप काहलर हेंच यांनी ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव सुचवले. सूज सुचवणारा भाग त्यांनी वगळला आणि तंतू, स्नायू व वेदना एवढेच ठेवले. कॉर्टिझोनवरील कामासाठी १९५० चे नोबेल मिळालेल्या फिलिप शोवॉल्टर हेंच यांचे ते चिरंजीव. सूज उतरवणाऱ्या औषधाच्या घरातूनच सूज नसल्याची कबुली आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण नावापेक्षा महत्त्वाचे काम पाच वर्षांनी झाले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया इथे काम करणारे, मूळचे बांगलादेशचे डॉक्टर मुहम्मद युनूस यांनी १९८१ मध्ये ५० रुग्ण आणि वय, लिंग जुळणाऱ्या ५० निरोगी व्यक्ती यांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. तोवर जो तो डॉक्टर आपापल्या रुग्णांचे वर्णन करत होता. हेच सगळे निरोगी माणसालाही कधीमधी होत नाही का, हा प्रश्न कोणी पद्धतशीर विचारलाच नव्हता. युनूस यांच्या तुलनेत थकवा, अपुरी झोप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, हातापायांना मुंग्या येणे आणि सूज आल्यासारखे वाटणे ही लक्षणे रुग्णांत ठळकपणे जास्त निघाली. अंगदुखी एकटी येत नाही, तिच्याबरोबर लक्षणांचा एक जुडगा येतो, हे त्यातून पहिल्यांदा आकड्यांनी दिसले.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने निकष जाहीर केले. फ्रेडरिक वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली १६ केंद्रांत ५५८ लोक तपासले गेले. त्यांत २९३ फायब्रोमायल्जियाचे रुग्ण होते आणि २६५ जणांना दुखणी होती पण दुसऱ्या प्रकारची. निकष दोन ठरले: तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगाला पसरलेले दुखणे, आणि अंगावरच्या १८ ठरावीक बिंदूंपैकी निदान ११ ठिकाणी सुमारे चार किलोच्या दाबाला होणारी वेदना. रुग्ण ओळखण्यात या निकषांचे यश ८८.४ टक्के होते आणि इतरांना वेगळे काढण्यात ८१.१ टक्के. संशोधनाला या निकषांनी मोठी चालना दिली, कारण जगभरचे डॉक्टर पहिल्यांदा एकाच प्रकारच्या रुग्णांबद्दल बोलू लागले. १९९५ मध्ये वुल्फ यांनीच कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात पाहणी केली, तेव्हा लोकसंख्येच्या २ टक्के लोकांत हा विकार आढळला, स्त्रियांत ३.४ टक्के आणि पुरुषांत ०.५ टक्के.

मात्र बोटाने पुरावा शोधण्याची जुनी सवय या निकषांत परत आली होती, आणि तिची किंमत मोजावी लागली. अनेक डॉक्टर बिंदू तपासतच नसत, आणि जे तपासत त्यांच्या दाबात फरक पडे. दहा बिंदू दुखणारा माणूस निरोगी आणि अकरा दुखणारा रुग्ण, ही रेषा निसर्गात कुठेही नाही. त्याहून गंभीर दोष स्त्री-पुरुष भेदाचा होता. सारख्या दाबाला स्त्रियांना सरासरीने लवकर दुखते; त्यामुळे अकराची अट स्त्रिया सहज ओलांडत आणि पुरुष मागे राहत. हा बायकांचाच आजार, नवास एक असे त्याचे प्रमाण, हा समज यातून पक्का झाला. निवडीचा हा कल टाळून केलेल्या पाहण्यांत स्त्रियांचे प्रमाण साठ टक्क्यांच्याही आत असल्याचे वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. त्या मधल्या काळात किती पुरुषांना हे नाव मिळालेच नसेल आणि किती स्त्रियांच्या दुखण्याला बायकी कुरकुर म्हणून हसण्यावारी नेले गेले असेल, याचा अंदाज कोणीही करू शकतो.

२०१० मध्ये बिंदू दाबण्याची अट काढून टाकण्यात आली. त्या जागी रुग्णाला विचारायचे ठरले: शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग गेल्या आठवड्यात दुखले, थकवा, न ताजे करणारी झोप आणि विसराळूपणा किंवा डोके जड होणे यांची तीव्रता किती. २०१६ च्या सुधारणेने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दुखणे शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चार विभागांत असावे, म्हणजे नुसती पाठदुखी या नावाखाली येऊ नये. आणि दुसरा आजार आहे म्हणून हे निदान बाद होत नाही. आमवाताभ संधिवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्या माणसाला हा विकारही असू शकतो. बाल्फोर यांच्या बोटापासून निघालेला प्रवास रुग्णाच्या तोंडच्या उत्तरापर्यंत असा पोचला.

इथे पहिला आक्षेप येतो. जो आजार केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून ठरतो, तो आजार मानायचा तरी कसा? कोणीही येऊन काहीही सांगेल. याचे एक उत्तर अर्धशिशी देते. अर्धशिशीलाही रक्ताची तपासणी नाही. डोके कसे दुखते, किती वेळ, उजेड सहन होतो का, उलटी होते का, हे विचारूनच ती ओळखतात, आणि तिला कोणी थोतांड म्हणत नाही. दुसरे उत्तर प्रयोगशाळेचे आहे. रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १६ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजका दाब देऊन मेंदूचे एमआरआय चित्रण केले. निरोगी माणसाच्या मेंदूत वेदनेची जी केंद्रे जास्त दाबाला जागी होत, ती रुग्णांत बऱ्याच कमी दाबाला जागी झाली. रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात वेदनेचा संदेश वाहणारे ‘सबस्टन्स पी’ हे द्रव्य वाढलेले असल्याचे त्याआधीच दिसले होते. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा उंदरांची वेदनेची संवेदना वाढली. यांतले काहीही अजून निदानाची चाचणी झालेले नाही आणि कारणाचा अंतिम निकाल लागलेला नाही. पण वेदनेचा आवाज वाढवून ठेवणारी काही यंत्रणा शरीरात आहे, इतके म्हणण्यापुरता हा पुरावा भक्कम आहे. शिवाय क्रम पाहावा: रुग्णांचे सांगणे आधी शिस्तीत मांडले गेले, म्हणूनच प्रयोगशाळेत योग्य माणसे निवडता आली.

दुसरा आक्षेप असा, की हा आजार औषध कंपन्यांनी उभा केला. याला तारखांचे उत्तर आहे. नाव १९७६ चे, तुलनात्मक अभ्यास १९८१ चा, निकष १९९० चे; अमेरिकेत या विकारासाठी पहिले औषध, प्रीगॅबॅलिन, मंजूर झाले ते २००७ मध्ये. ड्युलोक्सेटिन २००८ मध्ये आणि मिलनासिप्रान २००९ मध्ये आले. कंपन्यांनी नंतर जाहिरातींवर पैसा ओतला आणि नावाचा प्रसार केला हे खरे आहे, पण प्रसार करणे वेगळे आणि जन्माला घालणे वेगळे. युरोपच्या औषध नियामकांनी याच तीन औषधांना या विकारासाठी मंजुरी नाकारली, कारण फायदा पुरेसा दिसला नाही. आजार अस्तित्वात नाही असे त्यांनी म्हटले नव्हते. २०१६ साली तयार झालेल्या युरोपीय शिफारशींत ज्या एका उपायाला ठाम पाठिंबा मिळाला तो व्यायाम आहे, आणि तो कोणत्याही कंपनीला विकता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो आतल्या लोकांनी घेतला आहे. अमेरिकी संधिवाततज्ज्ञ नॉर्टिन हॅडलर नव्वदच्या दशकापासून म्हणत आले, की आपण आजारी आहोत हे सतत सिद्ध करावे लागणारा माणूस बरा होऊ शकत नाही. नाव देऊन आपण त्याला त्या फेऱ्यात अडकवतो. १९९० च्या निकषांचे शिल्पकार वुल्फ स्वतः पुढे या निदानाबद्दल साशंक झाले. अमेरिकेतल्या २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत, आपल्याला डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितला आहे असे म्हणणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक निकषांत बसतच नव्हते. इतिहासातल्या माणसांनाही हे नाव चिकटवण्याची हौस आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १२ मे हा जन्मदिवस या विकाराचा जागृतिदिन म्हणून पाळतात, आणि त्यांना तोच विकार होता असे सांगितले जाते. क्रिमियन युद्धात जडलेला त्यांचा दीर्घ आजार जनावरांच्या दुधातून येणारा ब्रुसेलोसिस असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. नाव सैलपणे दिले जाते, यावरून नाव टाकून द्यावे असे ठरत नाही. ते निकष लावून द्यावे असे ठरते. आणि सिद्ध करत बसण्याचा फेरा नावाने सुरू झालेला नाही. नाव नव्हते तेव्हा, १९४७ च्या सैनिकालाही तेच करावे लागत होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध तुटक आहे, पण खरा आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघरची पाहणी सुरू केली. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांनी सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे सांगितले. ज्याच्यावर मोठी रुग्णालये लक्ष ठेवून असतात त्या आमवाताभ संधिवाताचा वाटा त्यात अगदी छोटा होता; सांध्यांबाहेरच्या, स्नायू-स्नायुबंधांच्या दुखण्याचा त्याहून कितीतरी मोठा. दवाखान्यात येणाऱ्यांना मोजले असते तर हे चित्र दिसले नसते. दारात जाऊन विचारल्यावर दिसले, आणि हाच या लेखाचा मुद्दा आहे.

आपल्याकडे या विचारण्याला जास्त काळजीची गरज आहे, कारण सर्वांगदुखी आणि थकव्याची इतर कारणे इथे घरोघरी आहेत. ड जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, थायरॉईड मंदावणे, ब-१२ कमी असणे, चिकनगुनियानंतर रेंगाळणारी सांधेदुखी, मधुमेह, यांतले काय आहे ते साध्या तपासण्यांनी आधी पाहावे लागते. उलट, अहवाल नॉर्मल आले म्हणजे काम संपले असेही नाही. तिथे काम सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात हा विकार दीर्घकालीन प्राथमिक वेदनेच्या गटात घेतला आहे. म्हणजे वेदना हे दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह मानण्याऐवजी तिलाच आजार मानले आहे.

म्हणून वाचकाला सांगायचे ते एवढेच. तीन महिन्यांहून जास्त काळ अंगाच्या वर-खाली, डावी-उजवीकडे दुखत असेल, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटत नसेल आणि लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांकडे फक्त जास्त दुखणारा गुडघा दाखवून परत येऊ नका. सगळे सांगा: दुखणे कुठे कुठे आहे, झोप कशी आहे, पोट, डोकेदुखी, विसर, सगळे. कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांना विनंती, की अहवालांचा गठ्ठा मिटवून ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याआधी हे प्रश्न स्वतःहून विचारा. दोनशे वर्षांत या विकाराची ओळख पटवणारे दुसरे कोणतेही साधन टिकलेले नाही.